टपावरचें ओझें

प्रवास म्हटला कीं सामान आलें, आणि एकत्र कुटुंबाचा प्रवास म्हटला कीं तें सामान गाडींत मावावयाचें नाहीं, हेंहि ओघानेंच आलें. शेगांवच्या यात्रेस जावयाचें ठरलें, म्हणजे घरांतील वडील मंडळी, एखादी माहेरवाशीण, सुना आणि मुलें अशीं सात माणसें सात आसनांच्या मोटारींत बसतात. मागची रांग माणसांनीं भरली म्हणजे सामानास तेथें वीतभरहि जागा उरत नाहीं. मग सर्वांची नजर सहजच वर जाते, आणि टपावर लोखंडी कॅरिअर चढतो. या कॅरिअरविषयीं चार शब्द लिहावे असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें. त्यास निमित्त झालें तें आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीचें. म्हणून ती चूक प्रथम सांगतों.

दोन वर्षांपूर्वीं माघ वद्य सप्तमीच्या, म्हणजे प्रकटदिनाच्या सुमारास आम्ही पुण्याहून सहकुटुंब निघालों. छत्रपती संभाजीनगरास आप्तांकडे रात्र काढून दुसऱ्या दिवशीं सकाळीं जालना, देऊळगांव राजा, चिखली असा रस्ता धरला. टपावर आत्याबाईंची ट्रंक होती, भांड्यांचें पोतें होतें, दोन मोठ्या बॅगा होत्या आणि पांघरुणांच्या दोन वळकट्या होत्या. सर्वांवर ताडपत्री घालून नायलॉनची दोरी आडवी पांच-सहा वेळां आवळली होती. निघतांना पुतण्यानें ती दोरी ओढून पाहिली व “आतां हलतें कुठें!” असें म्हटलें. आम्हांसहि तसेंच वाटलें.

बुलढाणें जिल्ह्याचे लोकांच्या बोलण्यांत दोन भाग आहेत. एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. चिखली घाटावर, तर खामगांव आणि शेगांव घाटाखालीं, पूर्णेच्या खोऱ्यांत. तेव्हां कोठेंतरी उतरणें प्राप्तच असतें. उतारावर एका वळणाशीं समोरून बैलगाडी आली आणि पुतण्यास ब्रेक करकचून लावावा लागला. डोक्यावर कांहींतरी सरकल्याचा आवाज आम्हीं सर्वांनीं ऐकला. परंतु “ट्रंक असेल” असें म्हणून कोणी खालीं उतरलें नाहीं. पुढें सरळ रस्ता लागला, मोटारीनें वेग घेतला आणि सैल झालेल्या ताडपत्रीखालीं वारा शिरला. मागें बसलेल्या मुलीनें किंकाळी फोडली तेव्हां आम्हीं वळून पाहिलें. एक वळकटी टपावरून उडून रस्त्यावर पडली होती. तिच्या मागून एक मोटारसायकल येत होती. तीवर एक तरुण, त्याची पत्नी आणि पुढें टाकीवर बसविलेलें तीन-चार वर्षांचें मूल. त्या गृहस्थानें गाडी रस्त्याखालीं घातली आणि हरभऱ्याच्या शेताच्या धुऱ्याशीं ती कशीबशी थांबविली. दैव बरें म्हणून कोणास इजा झाली नाहीं.

आम्ही धांवत मागें गेलों. तोंवर त्या तरुणानें वळकटी उचलली होती. तिची धूळ झाडून ती आमच्या हातीं देत तो एवढेंच म्हणाला, “काकाजी, गाठोडं तुमचं हाय, पण मांगं माहं लेकरू होतं.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. रागावला असता तर बरें झालें असतें, असें आम्हांस पुढें कित्येक दिवस वाटत राहिलें.

तोंपर्यंत टपावरच्या सामानाविषयीं आमची समजूत अशी कीं, पडलें तर आपलें पडेल, फुटलें तर आपलें फुटेल. फार तर चार पैशांचें नुकसान. ती समजूत मुळांतच चुकीची होती. मोटारीच्या आंत ठेवलेली वस्तु चुकीची ठेवली तर त्रास आपणांस होतो. टपावर ठेवलेली वस्तु मात्र, आपल्या प्रवासाशीं ज्याचा कांहींएक संबंध नाहीं अशा मागच्या माणसावर पडते.

पूर्वीच्या पिढीस ही काळजी फारशी करावी लागत नसे, याचेंहि कारण आहे. भुसावळाहून नागपुरापर्यंतचा लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला आणि शेगांव त्याच मार्गावर आहे. त्यामुळें आमचे आजे-पणजे शेगांवास आगगाडीनेंच येत. स्टेशनवर सामान तोलण्याचा कांटा असे, आणि मर्यादेबाहेरच्या ओझ्यास जादा पैसे पडत. पुढें १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली, आणि गांवोगांव टपावर सामान चढविण्याचें काम सराईत हमालांच्या हातीं आलें. कोणती पेटी खालीं, कोणतें पोतें वर, हें त्यांस सांगावें लागत नसे. आतां मोटार आपल्या दारांत उभी असते. तेथें कांटाहि नाहीं आणि हमालहि नाहीं. तें काम कोणीतरी घरच्यानेंच शिकून घेतलें पाहिजे, आणि आमच्या घरीं तें कोणीच शिकलें नव्हतें.

शेगांवीं पोहोंचल्यावर आम्हीं एका किराणा दुकानदाराच्या कांट्यावर सारें सामान तोलून पाहिलें. ट्रंक ३१ किलो, भांडीं १८, दोन बॅगा मिळून २७ आणि वळकट्या १८. एकूण ९४ किलो भरलें. मोटारीबरोबर जें माहितीपुस्तक मिळतें तें त्या दिवशीं आम्हीं प्रथमच उघडलें. टपावर ७५ किलोहून अधिक भार घालूं नये, असें त्यांत स्पष्ट छापलें होतें. शिवाय या मर्यादेंत कॅरिअरचें स्वतःचें वजनहि धरावें लागतें. आमचा लोखंडी कॅरिअर वीस किलोंचा. म्हणजे सामानास उरले पंचावन्न किलो, आणि आम्हीं घातलें होतें त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट! बहुतेक घरगुती मोटारींची ही मर्यादा पन्नास ते शंभर किलोंच्या दरम्यान असते. कांहींची त्याहूनहि कमी असते. म्हणून वाचकांनीं आमच्या आंकड्यावर न जातां आपापल्या मोटारीचें पुस्तक पाहावें. गव्हाचें एक पोतें पन्नास किलोंचें असतें, एवढें ध्यानांत ठेवलें तरी ही मर्यादा किती तोकडी आहे हें कळून येईल.

दुसरी गोष्ट कॅरिअर कशास बसविला आहे ही. जुन्या अँबॅसिडर व पद्मिनी मोटारींच्या टपाच्या कडेस पावसाच्या पाण्यासाठीं पन्हळ असे. तीस कॅरिअरचे आंकडे भक्कम अडकवीत. नव्या मोटारींस ती पन्हळ नाहीं. कांहींच्या टपावर लांब दांड्या दिसतात आणि त्या पाहून आपणांस वाटतें कीं, या सामानासाठींच आहेत. परंतु पुष्कळ मोटारींत त्या केवळ शोभेच्या असतात. त्यांस ओझें बांधल्यास त्या मुळासकट उखडून येण्याचा संभव असतो. आपल्या दांड्या भार घेणाऱ्या आहेत कीं दिखाऊ आहेत, हें पुस्तकांत पाहून किंवा कारागिराकडून खात्री करून घ्यावें. दरवाज्याच्या चौकटींत पकडणाऱ्या कॅरिअरचे बोल्ट धक्क्यांनीं हळूहळू ढिले होतात. दोरी घट्ट आणि कॅरिअर सैल, अशा स्थितींत सामान कॅरिअरसकट खालीं येतें. म्हणून निघण्यापूर्वीं कॅरिअर दोन्ही हातांनीं धरून मोटार हालेपर्यंत हलवून पाहावा; मोटार हालावी, कॅरिअर हालूं नये.

आतां वर काय ठेवावें आणि काय ठेवूं नये तें पाहूं. टपावरचें ओझें मोटारीचा गुरुत्वमध्य वर नेतें. हें तत्त्व आमच्या भगिनींस पुस्तकावांचून ठाऊक आहे. डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी घेऊन जाणारी बाई कधीं झटकन वळत नाहीं. ती आधीं पाऊल मंद करते आणि मग सावकाश वळते. मोटारीसहि तोच नियम लागू आहे. म्हणून जड वस्तु टपावर चढवूंच नयेत. त्या मोटारींत, शक्य तितक्या खालीं आणि बैठकीच्या पाठीस टेकवून ठेवाव्या. टपावर हलक्या पण जागा अडविणाऱ्या वस्तु न्याव्या. त्यांतहि जी त्यांतल्या त्यांत जड असेल ती मधोमध व तळाशीं, आणि हलक्या तिच्या भोंवतीं. ढीग उंच करण्यापेक्षां पसरट रचावा. मोटारीच्या कडेबाहेर, पुढें अथवा मागें, कांहींहि डोकावूं देऊं नये.

गॅसची टाकी, रॉकेल, स्टोव्ह असल्या वस्तु वर नेण्याचें मनांतहि आणूं नये. विदर्भाचें ऊन ज्यांस ठाऊक आहे त्यांस त्याचें कारण सांगावयास नको. तोच न्याय औषधांस. वडील मंडळींचीं औषधें, विशेषतः मधुमेहावरील इन्शुलिन, टपावरच्या बॅगेंत राहिल्यास उन्हानें निकामी होतात. तीं नेहमीं हाताशीं असावीं. आणि गादी! नवी गादी टपावर टाकून दोहों बाजूंनीं खिडकींतून हात बाहेर काढून ती धरून ठेवणारे लोक आपण पाहतों. एवढ्या मोठ्या पृष्ठभागाखालीं वारा शिरला म्हणजे तो तीस शिडासारखी उचलतो, आणि त्यापुढें मनुष्याच्या हाताचें कांहीं चालत नाहीं. गादी टेंपोनें आणावी. भाडें पडेल, पण तें स्वस्तांतलेंच आहे.

वाऱ्याच्या जोराचा हिशेब मोठा बोधप्रद आहे. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा दाब दुप्पट होत नाहीं, तो चौपट होतो. टपावर एक मीटर रुंद व अर्धा मीटर उंच असा ढीग आहे असें धरूं. ताशी ६० किलोमीटर वेगानें जातांना वारा त्यास सुमारें आठ-नऊ किलोंच्या जोरानें मागें रेटतो. ८० वर हा जोर पंधरा किलोंपर्यंत जातो, आणि १२० वर तो चौतीस किलोंच्या घरांत पोहोंचतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजीं शेवटच्या टप्प्यासह पुरता खुला झाला. तेव्हांपासून मेहकरास उतरून खामगांवमार्गें शेगांवास येणाऱ्या मोटारी वाढल्या आहेत. त्या मार्गावर सपाटीस मोटारींना १२० पर्यंत मुभा आहे. परंतु ती मुभा रिकाम्या टपाची आहे असें समजावें. पुष्कळ कॅरिअरांवर त्यांची स्वतःची वेगमर्यादा लिहिलेली असते, ती आधीं वाचावी. आमच्या घरीं टपावर ओझें असतां ऐंशीच्या पुढें कांटा जाऊं द्यावयाचा नाहीं असा नियम झाला आहे. त्यानें इंधनहि कमी जळतें, हा आणखी एक लाभ.

बांधणी हा या विषयाचा गाभा होय. आमची दोरी घट्ट होती, तरी वळकटी कां उडाली? एक तर दोरी केवळ आडवी बांधली होती. ब्रेक करकचून लावला असतां टपावरचें ओझें आपल्या वजनाच्या सुमारें तीन-चतुर्थांश जोरानें पुढें धांवूं पाहतें. आडव्या दोरीनें त्यास डावी-उजवीकडे अडविलें होतें, पुढें-मागें अडविणारें कांहींच नव्हतें. दुसरें, पांघरुणें हीं दबणारी वस्तु. सकाळीं फुगलेल्या वळकटीवर आवळलेली दोरी चार तासांच्या धक्क्यांनीं वळकटी बसतांच आपोआप सैल झाली. तिसरें, नायलॉनची साधी दोरी ताणली असतां लांबते आणि तिची गांठ गुळगुळीतपणामुळें सरकते. सुती दोरी भिजून आखडते व वाळल्यावर ढिली पडते. काथ्या उन्हापावसानें झिजून अवचित तुटतो. म्हणून सामान आवळण्याचे विणलेले रुंद पट्टे, ज्यांस ताण धरून ठेवणारा खटका असतो, तेच वापरावे. प्रत्येक नगास निदान दोन पट्टे आडवे आणि एक उभा असावा. पट्ट्याचें टोंक कॅरिअरच्या मुख्य दांडीस बांधावें, नुसत्या जाळीस नव्हे. ट्रंकेच्या कडेवर पट्टा घासत असेल तेथें जाड फडकें घालावें. ताडपत्री सामानाखालूनहि घ्यावी आणि तिचें तोंड मागच्या बाजूस ठेवावें, म्हणजे वारा आंत शिरत नाहीं आणि पाऊस आल्यास पांघरुणें पाणी पिऊन जड होत नाहींत. आंकडे असलेल्या रबरी दोऱ्या ताडपत्री दाबून धरण्यापुरत्याच उपयोगाच्या. ओझें त्यांच्यावर सोंपवूं नये. आंकडा सुटून तोंडावर आला तर डोळा जाण्याची भीति असते.

एकदां बांधलें म्हणजे काम संपलें, असें नाहीं. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरांवर थांबून सर्व पट्टे व बोल्ट पुन्हा आवळावे. पुढें चहास थांबलों कीं एकानें चहा सांगावा आणि एकानें पट्टे पाहावे. घाट उतरण्यापूर्वीं मात्र मुद्दाम थांबावें. उतारावर खालच्या गिअरमध्यें, वळणाआधींच वेग कमी करून जावें. वळणांत शिरल्यावर ब्रेक दाबूं नये. आणि वरून कसलाहि आवाज आला तर “ट्रंक असेल” असें म्हणून पुढें जाऊं नये. आमची खरी चूक दोरीची नव्हती. आवाज ऐकूनहि मोटार थांबविली नाहीं, ही खरी चूक.

कॅरिअर व सामान मिळून मोटारीची उंची किती झाली, तें मोजून एका चिठीवर लिहून चालकाच्या समोर चिकटवावें. वाहनतळाच्या तोंडाशीं असलेले लोखंडी आडवे दांडे आणि रेल्वेखालचे सखल रस्ते ऐन वेळीं आठवत नाहींत. कायद्याचीहि जाणीव असावी. मोटारीच्या कडांबाहेर किंवा ठरलेल्या उंचीपलीकडे ओझें गेल्यास २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणें मोटार वाहन कायद्यांत २०,००० रुपये दंड सांगितला आहे. त्याच १९८८ च्या कायद्याच्या १२३ व्या कलमानें टपावर बसून प्रवास करण्यास मनाई आहे. “दोन मैलांचा तर रस्ता, पोरगा वर बसून सामान धरील,” असें म्हणणारे अद्याप आढळतात, म्हणून हें लिहिणें भाग पडलें.

इतकें सारें लिहून झाल्यावर मुख्य गोष्ट राहतेच. एवढें सामान वर जातें कां? एकत्र कुटुंबांत प्रत्येकाचें एक-एक गांठोडें अखेरच्या घटकेस येतें, आणि कोणाचें मन मोडावयाचें नाहीं म्हणून तें वर चढतें. आत्याबाईंस भांडीं हवीं असतात, कोणास आपल्याच पांघरुणावांचून झोप येत नाहीं. आम्हींहि त्या दिवशीं कोणास नाहीं म्हटलें नव्हतें. शेगांवीं संस्थानच्या भक्तनिवासांत उतरण्याची सोय झाली, दुपारीं महाप्रसाद मिळाला. आमच्या भांड्यांस कोणी हात लावला नाहीं. जी वळकटी रस्त्यावर पडली होती, ती पुण्यास परत आणली तेव्हां तिची गांठहि सुटलेली नव्हती. जी वस्तु आम्हांस लागलीच नाहीं, तिच्यापायीं दुसऱ्याचें लेंकरूं धोक्यांत आलें होतें. हें आत्याबाईंच्याहि मनास लागलें. त्यांनीं स्वतःच सांगितलें कीं, पुढच्या खेपेस ट्रंक घरीं राहील.

तेव्हांपासून आमच्या घरीं प्रवासाच्या आदल्या रात्रीं ओसरीवर वजनकांटा मांडतात. टपाची मर्यादा खडूनें भिंतीवर लिहिलेली असते. मुलें एक-एक नग तोलतात आणि आंकडा पुरा झाला कीं बेरीज मोठ्यानें वाचून दाखवितात. उरलेलें घरीं राहतें, मग तें कोणाचेंहि असो. सून काय आणि सासूबाई काय, कांट्यापुढें सर्व सारखीं! परतीच्या वाटेवरहि तोच क्रम ठेवावा लागतो. कारण वऱ्हाडांतील सोयरे निघतांना तुरीच्या डाळीची गोणी दिल्यावांचून सोडीत नाहींत. ती गोणी आम्ही आतां पायाशीं घेतों आणि पाय आंखडून बसतों.

गेल्या वर्षीं त्याच रस्त्यानें पुन्हा गेलों. टपावर दोन हलक्या बॅगा होत्या. घाटाच्या आधीं मोटार थांबविली. पुतण्यानें पट्टे आवळले आणि धाकट्या मुलीनें खालून प्रत्येक खटका मोजला. मागून एक मोटारसायकल येत होती. ती आमच्या शेजारून निर्धास्त पुढें निघून गेली, आणि मग आम्ही निघालों.